जुनी फोर बाय फोर घेतलीत? आधी ऑइलची काठी (डिपस्टिक) वाचायला शिका

जुनी जीप दारात आली की पहिल्या आठवड्यात सगळं लक्ष टायरवर, हूडवर आणि पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) बसवायची की नाही यावर असतं. माझंही तसंच झालं होतं. २०११ साली एमएम ५४० घेतली आणि पहिले दोन महिने मी बॉनेट उघडलं ते फक्त रेडिएटरमध्ये पाणी आहे का बघायला. नव्याने जुनी गाडी घेणाऱ्यांनी निदान ही एक चूक करू नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

डोळ्यांसमोर आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्या ठेवल्या आहेत. प्युजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन असलेली एमएम ५४० आणि तिच्या जातीच्या जीपा, २५२३ सीसी डीआय इंजिनवाल्या महिंद्रा, २०१० साली आलेली पहिली थार आणि मारुती जिप्सी. जिप्सीही दोन: १९८५ मध्ये आलेली ९७० सीसीची आणि १९९६ पासूनची १२९८ सीसीची किंग. यांतलं एकही इंजिन आजच्या गाड्यांसारखं नाजूक नाही. ती बरंच सोसतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

काठी कशी वाचायची

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी सुरू करायच्या आधी बघायचं. नुकतीच चालवून आणली असेल तर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, वर गेलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळच्या भांड्यात, उतरू द्या. जमीन सपाट हवी. अंगणाच्या उतारावर उभ्या जीपची काठी खोटं बोलते, आणि फोर बाय फोरवाल्यांच्या गाड्या नेमक्या अशाच आडव्यातिडव्या जागी उभ्या असतात.

काठी काढा, सुती कापडाने पुसा, पूर्ण आत ढकला आणि पुन्हा काढा. दोन्ही बाजू बघा. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसलं तर कमी तेच खरं, कारण काढताना काठी नळीला घासते आणि तिथलं ऑइल एका बाजूला चिकटतं. पातळी दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ असावी. वरच्या खुणेच्या पलीकडे कधीच नको. डिझेल गाडीत जादा भरलेलं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून हवेच्या वाटेला जातं आणि इंजिन तेच जाळायला लागतं. अशा वेळी चावी काढली, स्टॉपर (डिझेल बंद करायची दोरी) ओढला तरी इंजिन बंद होत नाही, उलट आवाज चढतच जातो. तसं झालंच तर ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा, किंवा एअर फिल्टरच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा बंद करा. हात लावू नका.

पातळी झाली, आता ऑइल नीट बघा. डिझेल गाडीतलं नवं ऑइल एक-दोन दिवसांत काळं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जळलेल्या डिझेलची काजळी उचलून स्वतःत धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे. पेट्रोलच्या जिप्सीत मात्र ते बराच काळ मधासारखं राहतं आणि मग हळूहळू तपकिरी होतं. म्हणजे डिझेलमध्ये काळेपणावरून काहीच ठरवू नका, वास आणि स्पर्श यांवरून ठरवा. चिमटीत घेऊन चोळलं की गुळगुळीत लागायला हवं. कचकच लागली तर धूळ आत जातेय. डिझेलचा किंवा पेट्रोलचा उग्र वास आला आणि पातळी न भरताच वाढलेली दिसली, तर इंधन चेंबरमध्ये उतरतंय. ज्या इंजिनांवर डायफ्रामचा (रबरी पडद्याचा) फीड पंप, म्हणजे टाकीतून इंधन ओढणारा पंप, असतो, उदाहरणार्थ कार्बोरेटरवाली जिप्सी, तिथे पहिला संशय त्या डायफ्रामवर घ्यायचा. पातळी कमी होणं सगळ्यांच्या लक्षात येतं. वाढलेली पातळी बघून लोक खूश होतात, आणि तिथेच बेअरिंग जातात.

घरच्या घरी करण्यासारख्या दोन परीक्षा आहेत. पहिली थेंबाची: गरम इंजिनच्या काठीवरचा एक थेंब जाड टिपकागदावर किंवा चहाच्या गाळणकागदावर सोडा आणि तासभर आडवा ठेवा. मधला काळा डाग कडेकडे हळूहळू फिकट होत पसरला तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. मध्ये डांबरासारखा घट्ट ठिपका, त्याला कापल्यासारखी कड आणि बाहेर नुसतं फिकट वलय असं दिसलं, तर काजळी पेलण्याची ताकद संपली. किलोमीटर काहीही झाले असोत, बदलून टाका. दुसरी परीक्षा पाण्याची. जुना पत्र्याचा तुकडा चुलीवर तापवा, चेहरा लांब ठेवा आणि त्यावर एक थेंब टाका. ओला कढीपत्ता फोडणीत पडल्यासारखी तडतड झाली तर ऑइलमध्ये पाणी आहे. शुद्ध ऑइल नुसतं पसरून धुरतं.

थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या भरायच्या झाकणाखाली पिवळट लोण्यासारखा थर दिसतो आणि नवा मालक हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधली पट्टी) गेलं म्हणून हाय खातो. जरा थांबा. थर फक्त झाकणाखाली असेल, काठी स्वच्छ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर ती दमट हवेची वाफ आहे. तासभर हायवेला पळवली की जाते. काठीवरचंच ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर मात्र गाडी सुरू करू नका. हेड गॅस्केट, वेट लायनर (बाहेरून पाणी खेळणारी सिलिंडरची नळी) असलेल्या इंजिनात लायनरच्या खालच्या रबरी रिंगा, किंवा नदीतून जाताना आत गेलेलं पाणी, यांपैकी काहीतरी एक आहे.

एक छोटी वही गाडीतच ठेवा. तारीख, किलोमीटर, काठीवरची पातळी, किती ऑइल वरून टाकलं. तीन महिन्यांत ती वही तुम्हाला गाडीबद्दल जे सांगेल ते कुठलाही मेस्त्री नुसता आवाज ऐकून सांगू शकणार नाही. माझा हिशोब असा: हजार किलोमीटरला पाव लिटर खाल्लं तर जुन्या इंजिनला माफ. अर्धा लिटर झालं की लक्ष ठेवायचं. एक लिटरवर गेलं की पैसे बाजूला काढायचे.

कुठलं ऑइल घ्यायचं

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या: जाडी आणि दर्जा. कंपनीचं नाव त्यानंतर.

जाडी म्हणजे १५ डब्ल्यू ४० सारखा आकडा. डब्ल्यू हा विंटरचा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन पूर्ण तापल्यावर, किती जाड राहतं ते. हिवाळ्यात बाटलीत थिजणारं खोबरेल तेल आठवा. इंजिन ऑइल तसं गोठत नाही, पण घट्ट होतं आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला वरच्या टॅपेटपर्यंत पोचायला वेळ घेतं. इंजिनची बरीच झीज त्या पहिल्या काही सेकंदांतलीच.

१५ डब्ल्यूचं ऑइल उणे २० अंशांपर्यंत इंजिन फिरू देईल इतकं पातळ राहतं. महाराष्ट्रात निफाडची थंडीसुद्धा त्याच्या जवळपास जात नाही, त्यामुळे आपल्याकडे ५ डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. भर हिवाळ्यात लडाख किंवा स्पितीला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. मग १० डब्ल्यू ४० किंवा ५ डब्ल्यू ४० घ्या. दुसरा आकडा मात्र आपल्याकडे फार महत्त्वाचा. अकोला-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात लो रेंजमध्ये, म्हणजे जास्त ताकदीच्या हळू गिअरमध्ये, चढ चढणाऱ्या गाडीला ३० चं ऑइल नको. जुन्या इंजिनच्या बेअरिंगमधल्या फटी मुळातच मोठ्या असतात आणि वयाने आणखी वाढलेल्या असतात. पातळ ऑइल त्यातून निसटून जातं.

म्हणून जुन्या डिझेलसाठी माझं उत्तर सरळ आहे: १५ डब्ल्यू ४०. गॅरेजवाले ज्याला ट्वेंटी-फॉर्टी म्हणतात ते २० डब्ल्यू ४० सुद्धा चालतं. जिप्सीत १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४०, आणि इंजिन बरंच झिजलेलं असेल तर उन्हाळ्यात २० डब्ल्यू ५०. मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला तक्ता माझ्या शब्दापेक्षा वरचा.

आता ५४० ची गोष्ट. विकणाऱ्याने सांगितलं होतं की इंजिन टाइट आहे, ऑइल प्रेशरचा काटा बघा. काटा खरंच वर असायचा. दोन महिन्यांनी मी ऑइल बदलायला घेतलं तेव्हा चेंबरच्या नटामागून धार आलीच नाही. जाड दोरी लोंबावी तसं ते ऑइल खाली उतरत राहिलं, काकवीसारखं. मी नेहमीचं १५ डब्ल्यू ४० भरलं, आणि पुढच्याच रविवारी माळशेज चढून वर चहाला थांबलो तेव्हा आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, काटा शून्याला टेकलेला. बेअरिंग संपलेली होती आणि कुणीतरी अतिजाड ऑइल घालून ते झाकलं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शेवटी हाफ इंजिन, म्हणजे अर्धं इंजिन खोलून पुन्हा बांधणं, करावं लागलं. म्हणून जुनी गाडी घ्यायच्या आधी काठी काढून बोटावर ऑइल बघाच, आणि इंजिन पूर्ण तापवून मग काटा बघा. ढोबळ नियम असा की तापलेल्या इंजिनला दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय प्रेशर हवं. थंड इंजिनचा काटा सगळ्यांचाच चांगला दिसतो.

दर्जा एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) अक्षरांत असतो. एस ने सुरू होणारा पेट्रोलसाठी, सी ने सुरू होणारा डिझेलसाठी. पुढचं अक्षर जितकं नंतरचं, तितका दर्जा नवा. डिझेलमध्ये सीएफ-४ हा १९९० चा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा, सीके-४ २०१६ चा. जुन्या जीपला सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस उत्तम. काजळी पेलण्याची आणि आम्ल मारण्याची ताकद त्यात भरपूर असते. डिझेलमधल्या गंधकातून आम्ल तयार होतं आणि ते बेअरिंग खातं. बीएस-३ च्या काळात डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५० भाग) चालायचं, १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आल्यावर ही मर्यादा १० पीपीएम आहे. म्हणजे आपल्या जुन्या इंजिनांना आज त्यांच्या तरुणपणापेक्षा चांगलं इंधन मिळतंय. सीके-४ घातलं तरी बिघडत नाही, पण धुराची गाळणी असलेल्या नव्या गाड्यांसाठी त्याची राख कमी ठेवलेली असते, आणि आपल्या जीपला ती गाळणीच नाही. मग जादा पैसे कशाला?

पेट्रोल जिप्सीला एसएल किंवा एसएन पुरे. बऱ्याच डिझेल ऑइलच्या डब्यावर सीआय-४ च्या पुढे तिरकी रेघ आणि एसएल असं असतं. ते दोन्हीकडे चालतं, घरात जीप आणि जिप्सी दोन्ही असतील तर सोयीचं.

सिंथेटिक की मिनरल? झिजलेल्या, जागोजागी पाझरणाऱ्या इंजिनला मिनरलच द्या आणि वेळेवर बदला. सिंथेटिकने सील फुटतात हा गैरसमज आहे, पण जुन्या सीलभोवती साचलेला मळ चांगल्या ऑइलने धुतला गेला की आधीच गेलेलं सील गळायला लागतं. इंजिन नुकतंच बांधून झालेलं असेल, टर्बो असेल किंवा हिमालय करायचा असेल तर सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. धूर बंद करणारी, ताकद वाढवणारी म्हणून विकली जाणारी बाटलीतली औषधं घेऊ नका. पी हळद आणि हो गोरी असं इंजिनचं होत नसतं.

कधी बदलायचं

रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या गाडीला ५००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. पण फोर बाय फोरला हा किलोमीटरचा हिशोब फसवतो. लो रेंजमध्ये दिवसभर डोंगरात फिरलात तर मीटरवर ४० किलोमीटर पडतात आणि इंजिन आठ तास राबलेलं असतं. सरासरी ताशी ४० ने धरलं तर ५००० किलोमीटर म्हणजे १२५ तास. मी वहीत तासच लिहितो आणि सव्वाशेच्या आसपास बदलतो.

उभी राहणारी गाडी सुटत नाही. पावसाळाभर शेडमध्ये ठेवलेल्या जीपच्या ऑइलमध्ये दमटपणा आणि आम्ल दोन्ही साचतात. किलोमीटर शून्य असले तरी दसऱ्याच्या आधी बदला.

नुकतीच घेतलेली गाडी असेल तर पहिलं ऑइल लगेच बदला, दुसरं हजार किलोमीटरवर. मधल्या काळात नवं ऑइल आतला जुना गाळ हळूहळू उचलतं. रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुवायची पद्धत अजून बऱ्याच गॅरेजांत आहे. तसं करू देऊ नका. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला तर तो थेट ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो.

बदलताना

सामान: मॅन्युअलमध्ये दिलेलं तेवढं ऑइल, नवा फिल्टर, चेंबरच्या नटाचं नवं तांब्याचं वायसर, बरोबर मापाचा रिंग पाना, पसरट घमेलं, चिंध्या आणि रबरी हातमोजे. वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नाही, मोजे घालाच.

जीप उंच असते, जॅक न लावता खाली शिरता येतं, तर लावूच नका. लावावाच लागला तर आधी एक गोष्ट समजून घ्या. जुन्या विलीज जातीच्या जीपांत आणि जिप्सीत हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याच्या) मागच्या शाफ्टला धरतो. एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) दुसरं मोकळं फिरू शकतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलमध्ये राहिला असेल तर गिअरमध्ये ठेवण्याचाही उपयोग नाही. चाकांना पुढूनमागून दगड नाही, लाकडी ओंडके लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट करा. खाली गेलात की एक नट दिसणार नाही, पाच दिसतील: इंजिनचा चेंबर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा आणि मागचा डिफरन्शियल. नवखा माणूस गिअरबॉक्सचं ऑइल काढून इंजिनमध्ये वरून नवं भरतो. हे खरोखर होतं, आणि दोन्हींची वाट लागते. इंजिनच्या पुढच्या पुलीपासून मागे बोट फिरवत या. पहिलं खोल भांडं तो चेंबर. बॉक्समधलं नव्वद नंबरचं गिअर ऑइल बोटाला जाड लागतं आणि त्याला गंधकाचा वास असतो, शंका आली तर त्यावरून ओळखा.

नट काढा, वीस मिनिटं निथळू द्या. नटावर आणि घमेल्याच्या तळाशी बघा. बारीक राखाडी चिखल असेल तर वयाप्रमाणे ठीक. नखात धरता येतील असे चकाकणारे कण किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर ती बेअरिंग आहेत. ते ऑइल टाकू नका, मेस्त्रीला दाखवा.

फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, ते बोटाने चाचपा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सुरू केल्याकेल्या सगळं ऑइल बाहेर. नव्या रिंगला ऑइल चोळा. फिल्टर उभा बसत असेल तर आधी भरून घ्या. हाताने टेकेपर्यंत फिरवून मग पाऊण आटा. पाना लावायचा तो काढताना. चेंबरचा नटही बेताने आवळा, ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले की काम दहापट वाढतं.

मॅन्युअलच्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा. डिझेल गाडीला स्टॉपर ओढून धरा आणि स्टार्टर आठ-दहा सेकंद मारा, प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मग सुरू करून दोन मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटांनी काठी बघून उरलेलं थोडंथोडं घाला. पन्नास किलोमीटरनंतर नट आणि फिल्टर पुन्हा बोटाने पुसून बघा.

अनेक जुन्या जीपांचा एअर फिल्टर ऑइल बाथचा असतो, वाटीत इंजिन ऑइल असतं आणि धूळ त्यात अडकते. ती वाटी विसरू नका. धुळीच्या सफरीनंतर तळाशी बोटभर चिखल सापडेल. धुऊन खुणेपर्यंतच भरा.

टर्बो असलेल्या गाडीला घाट चढून आल्यावर लगेच बंद करू नका. मिनिटभर आयडलला ठेवा, नाहीतर टर्बोच्या तापलेल्या दांड्यावर थांबलेलं ऑइल जळून कोळसा होतं.

काढलेलं ऑइल बांधावर, गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका, वाळवीसाठी दाराच्या चौकटीलाही फासू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात साठवा आणि जे गॅरेज ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देतं त्यांच्याकडे पोचवा. नव्या ऑइलचा रिकामा झालेला डबा भंगारात द्यायच्या आधी त्याला खिळ्याने दोन-तीन भोकं पाडा. बाजारातलं बनावट ऑइल असल्याच अखंड डब्यांतून पुन्हा विकलं जातं. विकत घेताना झाकणाचं सील आणि तारीख बघा, आणि झाकण स्वतःच्या हाताने उघडा, दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नका.